जळगावला ५० सीटचं छोटं जेट परवडेल का?

तापीकाठ:
जळगाव विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली झालं. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून, म्हणजे छोट्या शहरांच्या विमानसेवेला सरकारी मदत देणाऱ्या योजनेतून, १९ सीटचं बीचक्राफ्ट मुंबईला सुरू झालं, २०१९ मध्ये एटीआर हे पंख्याच्या इंजिनाचं मोठं विमान आलं. दोन्ही सेवा टिकल्या नाहीत. २०२४ पासून पुन्हा एटीआर. माझं स्पष्ट मत आहे की आपण चुकीचं विमान मागतोय. मुंबईला रात्री गाडीत झोपलं की सकाळी पोचतो. खरी अडचण दिल्ली-बंगळुरूची आहे. तिथे ५० सीटचं जेट लावलं तर ते भरेलही आणि परवडेलही. ठिबकवाले, पाइपवाले, डाळमिलवाले, सराफ यांना वेळेची किंमत कळते.

भुसावळकर:
भाऊ, भरलेलं विमान म्हणजे नफ्यातलं विमान नव्हे. ७० सीटचं एटीआर तासाला साधारण ७०० किलो इंधन खातं, ५० सीटचं जेट हजाराच्या वर. म्हणजे सीटमागे १० किलो विरुद्ध २० किलो. पायलट दोन्हीकडे दोनच, पण त्यांचा पगार ७० ऐवजी ५० तिकिटांवर पडतो. अमेरिकेत अशी शेकडो जेट होती. २००८ ला तेल भडकलं आणि कंपन्या ती काढायला लागल्या.

तापीकाठ:
दादा, हिशेब तासावर नको, किलोमीटरवर करा. एटीआर ताशी ५०० जातं, जेट ८००. मग इंधनातला फरक दुपटीचा राहत नाही, पाव पटीवर येतो. आणि ही जुनी जेट भाड्याने स्वस्त मिळतात.

भुसावळकर:
स्वस्त मिळतात, कारण कोणाला नको आहेत. ५० सीटची नवीन जेट आता बनतच नाहीत. भाड्यात वाचवाल ते इंजिनाच्या ओव्हरहॉलमध्ये घालाल. पाव पटीचा हिशेबही लांब पल्ल्यालाच लागू. मुंबईसारख्या तासाभराच्या फेरीत जेट वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं.

तापीकाठ:
म्हणूनच मी मुंबई म्हणतच नाहीये! दिल्ली आणि बंगळुरू दोन्ही साडेआठशे-नऊशे किलोमीटर. ८० सीटच्या आतल्या देशांतर्गत विमानाला लँडिंग चार्जही लागत नाही.

केळीबाग, रावेर:
तुम्ही दोघे इंधन मोजू राह्यले, मी भरवसा मोजतो. आईला हृदयाच्या तपासणीसाठी न्यायचं होतं. अपॉइंटमेंट ठरलेली, तिकीट महिनाभर आधी काढलेलं. विमानतळाच्या दारात मोबाइल वाजला, फेरी रद्द. आई बॅगेवर बसून राहिली. संध्याकाळी स्टेशनवर जाऊन जनरलच्या डब्यात तिला कशीबशी बसवली. त्यानंतर घरात विमानाचं नाव कोणी काढत नाही. असा एकेक माणूस तुटला की सीट रिकाम्या जातात, मग विमान ५० चं असो का ७० चं. दोन विमानांवर चालणाऱ्या कंपनीचं एक बिघडलं की पहिली फेरी आपलीच कापतात.

भुसावळकर:
हे शंभर टक्के खरं. उडानमध्ये सरकारी तूटभरपाई तीनच वर्षं मिळते. तेवढ्या काळात लोकांना सवय लागली नाही तर पुढे मार्ग बंदच पडतो. आणि जेटवाल्यांनो, आपली धावपट्टी दोन किलोमीटरचीही नाही. ५० सीटच्या जेटला पूर्ण वजनाने उडायला त्याहून जास्त लागते. त्यात मे महिन्यातली आपली ४५ अंशांची दुपार. हवा विरळ, पंखांना उचल कमी. दहा-पंधरा माणसं खाली ठेवूनच उडावं लागेल. मग उरलेल्या ३५ तिकिटांत जेट परवडणार कसं? एटीआरला १३०० मीटर पुरतात.

तापीकाठ:
धावपट्टीचं मान्य, ती वाढलीच पाहिजे. पण तोवर पहाटे सहाला उडवा की. तेव्हा मे महिन्यातही हवा बरीच थंड असते, वजन कमी कापावं लागेल. बंगळुरूचं काम उरकून माणूस रात्री घरी.

भुसावळकर:
पहाटे सहाला उडायचं तर विमान रात्रीच इथे मुक्कामाला हवं. सोबत पायलट, इंजिनिअर, त्यांचं हॉटेल. शिवाय रात्री उशिरा उतरायची सोय. एका फेरीसाठी कोणती कंपनी हे करेल?

केळीबाग, रावेर:
मुक्कामाला असेल तर निदान सकाळची फेरी तरी रद्द होणार नाही. दुसऱ्या गावाहून यायचं असतं म्हणून तर ते येत नाही. त्यासाठी मी पाचशे रुपये जास्त देईन, भो. आईलाही पुन्हा तयार करीन.