मदत हवी आहे: अण्णांना घरीच ठेवायचं आहे, पण वेदना आवरत नाहीत

कृष्णाकाठची:

नमस्कार. माझे वडील, वय ७४. स्वादुपिंडाचा कॅन्सर. फेब्रुवारीत कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या, तेव्हाच तो यकृतात पसरलेला निघाला. स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरली. दोन केमो झाल्या, तिसरीच्या आधी डॉक्टर म्हणाले, "आता शरीराला झेपणार नाही. घरी न्या, सेवा करा." त्यासाठी दोन महिने मी माहेरी, कराडला येऊन राहिले आहे. पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे फाइलमधल्या एकाही कागदावर लिहिलेलं नाही.

रात्र सगळ्यात वाईट. पोटातून थेट पाठीत कळ जाते. आडवं होता येत नाही, उशी पोटाशी धरून पुढे वाकून पहाटेपर्यंत बसतात. ट्रामाडॉलने आधी सहा तास बरं वाटायचं, आता दोन तासही नाही. मॉर्फिनबद्दल वाचलं, पण गावातल्या चार मेडिकलमध्ये विचारलं, कोणीच ठेवत नाही. दादा म्हणतो, ते सुरू केलं म्हणजे संपलंच, माणूस गुंगीत जातो आणि लवकर जातो. हे खरं आहे का?

दुसरं, खाणं. आई पेजेची वाटी घेऊन तासतास बसते. दोन चमचे जातात, तेही उलटून पडतात. आत्या आली की रडते, "माझ्या भावाला उपाशी ठेवू नका, सलाईन तरी लावा." लावलं. आता पाय सुजलेत आणि टोचायला शीर सापडत नाही.

आणि अण्णांना कोणी कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही. काल विचारत होते, "कावीळ उतरली, मग अंगात ताकद का येत नाही गं?" मी पाणी आणते म्हणून उठले.

काकांच्या वेळी ते स्पष्ट म्हणाले होते, मला असं नळ्या लावून ठेवू नका. तेवढं तरी पाळायचं आहे. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

वारज्याचा शेजारी:

ताई, दादांची भीती माझीही होती. माझ्या आईला पाच महिने मॉर्फिनची गोळी चालू होती. पहिले तीन दिवस झोपाळली, मग खुर्चीत बसून तांदूळ निवडायची. डॉक्टर दुखण्याप्रमाणे मात्रा वाढवत नेतात, तशी दिली तर ती माणसाला लवकर नेत नाही. घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची, कळ यायची वाट बघायची नाही. साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळणार नाही. मॉर्फिन अंमली पदार्थांच्या कायद्यात येतं; तो कायदा २०१४ साली सुधारला, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालंय. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर (आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणारं) १९९७ पासून आहे. कॅन्सरच्या रुग्णाला तिथे पैसे पडत नाहीत, सोबत घरचं माणूस राहतं आणि घरी कसं करायचं ते शिकून जातं. कराडहून हायवेने सरळ येता येईल. आधी फोन करा, सगळे रिपोर्ट जवळ ठेवा.

रात्रपाळी:

मी नर्स आहे. मॉर्फिनसोबत पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या, बद्धकोष्ठ जवळपास सगळ्यांना होतं. इसबगोल नको, पाणी कमी जात असेल तर उलट घट्ट बसतं.

आत्यांना हळूच सांगा, अण्णा खात नाहीत म्हणून आजार वाढत नाहीये, आजार वाढलाय म्हणून भूक गेलीय. शेवटी शरीराला पाणीही पेलत नाही, ते पायात आणि छातीत साठतं. म्हणून सलाईनचा विषय डॉक्टरांकडे काढाच. आईंचे हात रिकामे ठेवू नका. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, कोकम सरबताचा बर्फाचा खडा चोखायला द्यायचा. दर दोन तासांनी कूस बदला. एअर बेड भाड्याने मिळतो.

एक अवघड गोष्ट आत्ताच करा. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना घरी बोलावून अण्णांना दाखवा. घरी मृत्यू झाला तर दाखला त्यांनाच द्यावा लागेल, त्या वेळी धावाधाव नको. नळ्या नकोत हे अण्णांना लिहून ठेवायचं असेल तर दोन साक्षीदार आणि नोटरी पुरेसे आहेत. अशा लिहून ठेवलेल्या इच्छेबद्दलचे २०१८ चे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सोपे केले.

कृष्णाकाठची:

दोघांचे मनापासून आभार. वारज्याला फोन झाला, गुरुवारी निघतोय. दादाने गाडीची मागची सीट काढून गादी बसेल असं बघितलंय. मॉर्फिनबद्दल तो आता काही बोलत नाही. सलाईन डॉक्टरांशी बोलून थांबवलं. आत्या रुसली आहे, पण काल तीच बर्फाचा खडा घेऊन अण्णांजवळ बसली होती.

रात्री अण्णांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "बँकेच्या खात्याला आईचं नाव लावलंय ना?" मी हो म्हटलं. "मग बरं झालं. किती दिवस म्हणाले गं डॉक्टर?" या वेळी मी उठले नाही. म्हटलं, दिवस त्यांनी सांगितले नाहीत अण्णा, पण आजार बरा होणारा नाही. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आईला मी सांगतो."

आईला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी तिला गाडीत पुढे बसवू की मागे अण्णांजवळ?