तागाचा गालिचा भिजवू नका

तागाचा गालिचा साबणाच्या पाण्यात भिजवून धुवा, असं वर एका ताईंनी सुचवलंय. ताई, सुती सतरंजीला ते चालतं, तागाला नाही. मी हा उद्योग करून बसलोय. अंगणात बोअरच्या पाण्यानं मस्त धुतला, वाळल्यावर बघतो तर जागोजागी तांबूस डाग! ताग भिजला की त्यातला तपकिरी अंश पाण्यात उतरतो आणि वाळताना वर येऊन बसतो. शिवाय ओला ताग कमजोर पडतो, पिळला की धागे तुटतात.

आता आठवड्यातून एकदा दोरीवर उलटा टाकून काठीनं झटकतो. माती किती निघते, विचारू नका. चहा सांडला तर लगेच पांढऱ्या सुती फडक्यानं टिपायचा, घासायचं नाही, मग पंख्याखाली. तेल सांडलं तर रात्रभर खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवायचा, सकाळी झाडायचा.

आपल्या विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात मात्र दिवसभर टाकू नका, रंग उडतो. आणि पावसाळ्यात सारवलेल्या जमिनीवर तर नकोच, खालून ओल धरून बुरशी येते. आम्ही जून लागला की गुंडाळून माळ्यावर टाकतो, खाली शिंदीची चटई.