मदत हवी आहे : दादांवर भाषण, उद्या सकाळी!

कृष्णाकाठ: लेकीचं उद्या शाळेत भाषण आहे, 'शेतकरी ते नेता'. दादांवर बोलायचंय. तुरुंग फोडला तिथवर पाठ झालंय, पुढं गाडी अडलीय. दिल्लीचं काय सांगू? लवकर सांगा, साडेनऊला झोपते ती.

पुणेरी_भोचक: कोणते दादा? इथं प्रत्येक फ्लेक्सवर एक दादा आहे.

कृष्णाकाठ: सांगलीत दादा म्हणजे एकच हो. वसंतदादा पाटील!

वारणेचा_गडी: इयत्ता कितवी? मिनिटं किती?

चहाबाज: स्वातंत्र्यलढ्यातल्या सांगलीच्या तुरुंगाचं नीट सांगतेय ना? २४ जुलै १९४३, भर पावसाळा. तटावरून खंदकात उड्या, दादांच्या खांद्यात गोळी. त्यांचे साथीदार अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी हुतात्मा झाले, त्यांची नावं गाळू नका. आमचे आजोबा हे सांगताना स्वतःचाच खांदा चोळायचे.

वारणेचा_गडी: सगळे तुरुंगातच अडकतात राव. विषय शेतकरी आहे ना? पद्माळ्याचं पोर, आजीनं वाढवलेलं, शिक्षण बेताचं. १९५२ ला आमदार, मग सांगलीचा साखर कारखाना. ऊस घ्या आधी, दिल्ली नंतर.

चहाबाज: चौथीतल्या पोरीनं उसाचा दर सांगायचा का?

कृष्णाकाठ: पाचवी. तीन मिनिटं. आणि मी दिल्ली विचारलीय.

गोदाक्का: रात्री दही देऊ नका. ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्या, आवाज मोकळा राहतो.

निवृत्त_मास्तर: १९७७ ला मुख्यमंत्री, ७८ ला सरकार पडलं, १९८० ला सांगलीतून लोकसभेवर, ८३ ला परत मुख्यमंत्री. १९८५ ते ८७ राजस्थानचे राज्यपाल. १ मार्च १९८९ ला गेले.

पुणेरी_भोचक: राज्यपालपद म्हणजे राजकारण नव्हे. खासदारकीवर थांबा.

निवृत्त_मास्तर: पद्माळ्याचा शेतकरी जयपूरच्या राजभवनात, हे गाळायचं?

तासगावकर: ८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं दादांनीच सुरू करू दिली. मी त्यातलाच. डिग्री कपाटात, मी द्राक्षबागेत.

वारणेचा_गडी: बाग कशी आहे यंदा?

कृष्णाकाठ: मास्तर, धन्यवाद, तेच घेतलं. ती विचारतेय, राज्यपाल काय काम करतात? दोन ओळीत सांगा कुणीतरी.

तासगावकर: @वारणेचा_गडी डाऊनी आलाय, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. फवारणी चालू आहे.