शब्दचर्चा : 'फॅमिन'ला मराठीत काय म्हणावे? दुष्काळ, अवर्षण, टंचाई, अन्नान्नदशा

अनुवादक : 22 ऑगस्ट 2025 रोजी आयपीसी, म्हणजे अन्नसुरक्षेच्या टप्प्यांचे वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने, गाझा शहर आणि परिसरात 'फॅमिन' असल्याचे जाहीर केले. याला 'गाझात दुष्काळ' म्हटले की मराठी वाचकापुढे भेगाळलेली जमीन आणि पाण्याचा टँकर उभा राहतो. तिथे पावसाचा काही संबंध नव्हता; युद्ध होते आणि अन्न आत येण्याचे रस्ते अडले होते. 'ड्रॉट'लाही दुष्काळ आणि 'फॅमिन'लाही दुष्काळ, हे कसे चालवायचे?

कोरडवाहू : 'ड्रॉट'साठी 'अवर्षण' आहे, पण ते बातमीपुरते आणि पाठ्यपुस्तकापुरते. गावात कोणी 'यंदा अवर्षण आहे' म्हणत नाही, 'यंदा दुष्काळ' म्हणतात. मूळ शब्दात पाऊस नाहीच. दुष् + काळ, म्हणजे वाईट काळ, सुकाळाच्या उलटा. म्हणून 'ओला दुष्काळ' हा प्रयोग भाषेच्या दृष्टीने बिनचूक आहे. सरकारी नियमांत मात्र ओला दुष्काळ नावाचे काही नाही. तिथे 'अतिवृष्टी' आहे : महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि पिकाचे 33 टक्के किंवा अधिक नुकसान. मागणी ओल्या दुष्काळाची होते आणि मदत अतिवृष्टीच्या खात्यातून मिळते. दोन्ही बाजूंचे अर्धे भांडण या शब्दावरूनच असते.

दप्तरदार : कागदावरचा दुष्काळ वेगळा, तोही सांगतो. पूर्वी 'आणेवारी' असे, रुपयाचे सोळा आणे होते तेव्हाची; पुढे 'पैसेवारी' झाली. गावातली नमुन्याची शेते निवडून साधारण 10 मीटर × 10 मीटरच्या तुकड्यातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे आणि त्या पिकाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पहायचे. निम्मे आले तर 50 पैसे. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. 50 च्या आत आले की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र धरले जाई.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर निकष बदलले. पहिली पायरी पावसाची तूट किंवा खंड. तीन-चार आठवडे सलग सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस म्हणजे खंड. दुसरी पायरी पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, धरणे आणि भूजल. मग दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी आणि शेवटी 'मध्यम' किंवा 'गंभीर' असा शिक्का. 2018 मध्ये राज्यातले 151 तालुके असे जाहीर झाले, 112 गंभीर आणि 39 मध्यम. 2023 मध्ये 40.

जाहीर झाले की मिळते काय? जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, परीक्षा शुल्क माफ, रोहयोचे निकष शिथिल, गरज तिथे टँकर, शेतपंपाची वीज न तोडणे. या यादीत धान्य शोधून दाखवा. हा दुष्काळ पिकाचा आहे, पोटाचा नाही.

अनुवादक : आणि 'टंचाई'? सरकारी कागदांत 'टंचाईसदृश परिस्थिती' इतकी का दिसते?

दप्तरदार : त्याला कायदा आहे. 1963 साली महाराष्ट्राने राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकणारा कायदा केला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई आणली. भूमिका अशी की राज्यात आता तशी वेळ येण्यास वावच उरलेला नाही. त्यानंतर दहा वर्षांच्या आत बहात्तरचा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. कागदावर सगळी टंचाईच.

कोरडवाहू : लोकांनी काही तो कायदा वाचला नाही. 'खडी फोडायला गेलो', 'मिलो खाल्ला', 'सुकडी' हे शब्द त्या वर्षांनी बोलीत ठेवले. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. नवीन वाचकांसाठी सांगतो, सुकडी म्हणजे सुका मासा नव्हे. मजुरांना आणि मुलांना वाटलेला भाजक्या पिठाचा, गोड, पूरक आहार.

पोषणविचार : मूळ प्रश्नाकडे येतो. आयपीसीचे पाच टप्पे आहेत. फॅमिन हा पाचवा. तीन अटी आहेत. किमान 20 टक्के घरांत अन्नाचा टोकाचा अभाव. पाच वर्षांखालची किमान 30 टक्के मुले उंचीच्या मानाने वजनात तीव्र कुपोषित. वजन-उंची मोजता येत नसेल तर दंडाच्या घेरावरून 15 टक्के. आणि उपासमारीने, किंवा उपासमार आणि आजार मिळून, दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. दोन लाख वस्तीच्या तालुक्यात हे रोजचे 40 मृत्यू झाले. आपल्याकडच्या नेहमीच्या मृत्युदराच्या दहापटीहून जास्त.

या अटींत पाऊस नाही, पीकही नाही. 1943 साली बंगालमध्ये तांदूळ होता, पण भाव इतके चढले की शेतमजूर, नावाडी, कोळी यांना तो घेता येईना. अमर्त्य सेन यांनी तेच दाखवून दिले. वर सांगितलेल्या पैसेवारीत भूमिहीन मजूर मोजलाच जात नाही, ही तीच अडचण.

म्हणून माझे मत : 'फॅमिन'ला 'अन्नान्नदशा'. शब्द घडवावा लागत नाही, कोशात आणि बोलीत आहे. 1630 च्या दुष्काळाबद्दल तुकोबांनी लिहिले ते 'अन्न अन्न करितां मेली' असेच.

दप्तरदार : शब्द उत्तम, पण 'अन्नान्नदशा जाहीर' हे मथळ्यात बसत नाही. एका घराचीही अन्नान्नदशा होते. फॅमिन प्रदेशाचा असतो.

पोषणविचार : मान्य. मग पहिल्या उल्लेखात 'भूकबळींचा दुष्काळ' लिहा, पुढे नुसता 'दुष्काळ' चालेल. 'उपासमार' मात्र वापरू नका. ती चौथ्या टप्प्यातही असते आणि मदत त्याच टप्प्यात पोचायला हवी असते. 2011 मध्ये सोमालियात जुलैत फॅमिन जाहीर झाला. एकूण सुमारे 2,60,000 माणसे गेली, त्यांतली जवळजवळ निम्मी जाहीर होण्याआधीच. पाचवा टप्पा म्हणजे इशारा नव्हे, पंचनामा. 'आता दुष्काळ जाहीर झाला, मदत पाठवा' असे वाक्य आले तर 'आता' खोडा.

अनुवादक : मदतीच्या शब्दांवरही अडलो आहे. 'ऑब्लिगेशन टू हेल्प' : कर्तव्य, दान, धर्म?

कोरडवाहू : दान नको. दान देणाऱ्याच्या पुण्याच्या खात्यात जाते, नाही केले तर दोष लागत नाही. 'मदतीचे देणे लागतो' म्हणा. मराठीत 'देणे' म्हणजे देण्याची क्रियाही आणि कर्जही. पूर्व बंगालच्या निर्वासितांवरून तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1971 मध्ये जे मांडले ते हेच : माणूस दूर आहे म्हणून आपले कर्तव्य कमी होत नाही, आणि न देणारा फक्त उदार नाही असे नव्हे, तो चुकतो. 'परोपकार' लिहिलेत तर त्यांचा मुद्दाच उलटा होईल.

दप्तरदार : वाटपाचे शब्दही सांभाळा. अन्नछत्रात शिजवलेले मिळते, शिधा कोरडा असतो. निर्वासितांच्या छावण्यांत दर माणशी रोज 2,100 उष्मांक धरून शिधा ठरवतात. जळण आणि भांडी नसतील तर तो तसाच पडून राहतो किंवा विकला जातो. 'फूड रेशन'ला 'जेवण' लिहू नका.

पोषणविचार : आणि पाकिटातल्या शेंगदाण्याच्या लगद्याला 'पौष्टिक खाऊ' तर मुळीच नको. तो 'उपचारात्मक आहार' : 92 ग्रॅमचे पाकीट, 500 उष्मांक. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या आत असलेल्या, पण भूक शाबूत असलेल्या मुलाला वजनानुसार मोजून देतात. भूकच मेली असेल किंवा गुंतागुंत असेल तर दवाखान्यात 100 मिलिलिटरमध्ये 75 उष्मांकांच्या पातळ दुधापासून सुरुवात. एकदम पोटभर दिले तर रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फेट घसरते आणि मूल जेवल्यानंतर दगावू शकते.