सात नट आणि एक शॉर्टफिल्म, पडद्यामागची कामं कशी वाटायची?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्यातले सात जण, सगळे मराठी नाटकातले, पाच-सहा वर्षं एकत्र एकांकिका करतोय. आता शॉर्टफिल्म करायची ठरलीय. संहिता १२ पानांची, रावपुऱ्यात आमच्यातल्या एकीच्या आजीचा जुना वाडा आहे तिथे दोन दिवस शूटिंग, वर्गणी काढून ३० हजार जमलेत. कॅमेरा मावसभावाचा, तो लग्नाचे व्हिडिओ करतो, तोच चालवेल, बाकी बाहेरचं कोणी नाही. भूमिका पाच आहेत म्हणजे प्रत्येक सीनला तीन-चार जण मोकळे असतातच. दिग्दर्शन माझं आणि मुख्य भूमिकाही माझीच. मला वाटतंय ज्याला जे दिसेल ते त्याने करावं, नाटकात आपण सेट उचलतोच ना, पण ग्रुपमधली एक ताई म्हणतेय आधी कागदावर नावं लिही मगच तारीख ठरव. कोणती कामं खरंच लागतात आणि कोणती दोन मिळून एकाकडे देता येतात?

बूमवाला:
ताईचं ऐक. आणि त्या कागदावर पहिलं नाव साउंडवाल्याचं लिही, कॅमेऱ्याच्याही आधी.

मी स्वतः नट, आमची पहिली फिल्म आम्ही अशीच "जो मोकळा तो बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरेल" म्हणून केली. दोन दिवसांत पाच जणांनी बूम धरला आणि हेडफोन कोणीच लावला नाही कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा ऐकतोय. घरी येऊन ऐकलं तर आईच्या सगळ्या सीनमध्ये लेपल माइक (कपड्यांना लावायचा छोटा माइक) साडीला घासतोय, खर्र खर्र, आणि तिचा सर्वात चांगला टेक त्यातच होता. डबिंग केलं पण ते रडणं परत आलं नाही. अजून वाईट वाटतं त्याचं. चित्र थोडं अंधारं असलं तर लोक बघतात, बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातात.

म्हणून दोन्ही दिवस एकच माणूस, हेडफोन कानावर, आणि टेक खराब म्हणायचा अधिकार त्याला, दिग्दर्शकाला आवडला असला तरी. लेपल लावायचा तर कपड्याच्या आत मेडिकल टेपने नीट चिकटवा. बूम डोक्याच्या वरून, फ्रेमच्या अगदी काठाशी, माइकचं तोंड छातीकडे. पंखे बंद, फ्रिज बंद (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे जाताना परत चालू करायला विसरत नाही). आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहून नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा, एडिटला दोन वाक्यांमधली भोकं त्यानेच बुजतात. ३० हजारांत एकच बाहेरचा माणूस परवडत असेल तर तो साउंडचाच घ्या.

संहितावाली:
साउंडबद्दल वरचं सगळं बरोबर, पण तुमची खरी अडचण दुसरीच आहे. तू दिग्दर्शक आणि मुख्य भूमिकाही तुझीच, मग "ॲक्शन" म्हटल्यावर सेट बघणारं कोण? तुला पहिला असिस्टंट लागेल, आणि तो त्या दिवशी पडद्यावर अजिबात नको. वेळ त्याच्या हातात, कॉलशीट (कोणी किती वाजता यायचं त्याचा कागद) त्याची, कुठला सीन कधी हे तोच ठरवणार, कथेच्या क्रमाने नाही तर खोलीप्रमाणे. माजघरातले सगळे सीन एका दमात उरकायचे, नाहीतर लाइट तीनदा हलवावे लागतात. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट, १२ पानं दोन दिवसांत म्हणजे दिवसाला सहा, नवीन टीमला हे घट्टच आहे.

दुसरं काम कंटिन्यूटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतंय ना ते बघणं. नाटकवाल्यांना हे शिकवावं लागतं कारण स्टेजवर रोज कप वेगळ्या हातात असला तरी काही बिघडत नाही. आमच्या फिल्ममध्ये काका चहाचा कप उजव्या हाताने उचलतात, "आता काय करायचं" वर खाली ठेवतात, क्लोजअपला त्यांनी डाव्या हाताने उचलला आणि वाक्य संपल्यावर ठेवला, दोन्ही टेक छान पण जोडताच येईनात. तेव्हापासून मी वही घेऊन बसते: कुठल्या शब्दाला उठला, कुठला हात, कपात चहा कितपत, पदर कुठल्या खांद्यावर, घड्याळ किती वाजता, आणि टेक संपला की लगेच मोबाइलवर फोटो. क्लॅपचा (टेकच्या आधी वाजवायच्या पाटीचा) नंबर आणि कुठला टेक चांगला हेही त्याच वहीत. म्हणजे कंटिन्यूटी आणि क्लॅप एकाकडे चालतात, पण असिस्टंट आणि कंटिन्यूटी एकाकडे कधीच देऊ नकोस, एकाला घाई असते आणि दुसऱ्याला थांबायचं असतं.

दांडियाबाजारकर:
हे वाचून बरं झालं. पण शेवटच्या जेवणाच्या सीनला पाचही जण पडद्यावर आहेत, उरतात दोघं आणि भाऊ. आणि माझा अभिनय कोणी बघायचा, प्रत्येक टेक परत लावून बघू का?

बूमवाला:
परत लावून बघू नकोस, दिवस त्यातच जाईल. ग्रुपमध्ये ज्याच्या डोळ्यावर तुझा विश्वास आहे तोच असिस्टंट कर आणि त्याने नाही म्हटलं तर वाद न घालता पुन्हा कर. जेवणाच्या सीनला बूम स्टँडवर बांधा आणि बाहेरचा साउंडवाला तेवढा एक दिवस बोलवा. असिस्टंट आणि वहीवाली हे दोघं मात्र रिकामेच ठेवायचे.

लेन्स_आणि_लाइट:
मावसभावाला सांग कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, ३० आणि १/६० वर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरतात. लग्नात माणसाच्या मागे धावायची सवय असते, इथे माणूस खुणेवर येऊन थांबतो, म्हणून एक दिवस आधी वाड्यात नटांना नुसतं चालवून बघा. मेमरी कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, हे काम जेवणाच्या सुट्टीत वहीवालीने करावं.

सयाजीबागेतले काका:
मुलांनो, जेवण आणि सामान बघणाऱ्यालाही मान द्या, श्रेयनामावलीत त्याचं नाव हवंच. दादासाहेब फाळके आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि फिल्म डेव्हलप करायलाही बसायच्या. शूटिंगच्या सकाळी शेव उसळ मागवा पण तिखट कमी ठेवा, नटांचा घसा दिवसभर टिकायला हवा.

दांडियाबाजारकर:
काका, नक्की. ताई असिस्टंट झाली, तिची भूमिका ग्रुपबाहेरच्या एका मैत्रिणीला दिली, ताईला वाईट वाटलं पण तिनेच सुचवलं. सर्वात लहान मुलगी वही आणि क्लॅप, सातवा मुलगा जेवण आणि सामान. साउंडवाला बाहेरून, दोन्ही दिवस, बाकी खर्च कापतोय. वाड्यात अजून काही बघायचं राहिलं का?

संहितावाली:
आजींना विचार पाण्याची मोटर किती वाजता लागते आणि शेजारच्यांची पण.

दांडियाबाजारकर:
विचारलं. सकाळी साडेसहा ते सात, आणि शेजारच्यांची साडेआठला. पहिला टेक नऊला ठेवतोय.