तळमजल्यावर रेडॉन मोजायचा की नाही?

तळमजलेकर, गोरेगाव
आमची सोसायटी लहान, २१ बिऱ्हाडं, त्यातली पाच तळमजल्यावर. परवाच्या जनरल बॉडीत मी म्हटलं, या पाच घरांत रेडॉन मोजून घेऊ. लोक हसले. एकाने विचारलं, "ट्रॉम्बेहून येतो का?" अहो, अणुभट्टीचा काय संबंध? जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून हा किरणोत्सर्गी वायू बनतो. त्याला ना रंग, ना वास. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत धूम्रपानानंतर याचंच नाव घेतात. फरशीच्या भेगांतून, पाइपाभोवतीच्या फटींतून तो घरात शिरतो. आमच्या मोरीच्या जाळीशेजारी अशीच भेग आहे, दर मे महिन्यात तिथून मुंग्यांची रांग निघते. मुंग्यांना खडूची रेघ मारली की झालं. याला काय मारणार? शेजारच्या खोलीत बाबा झोपतात, एसी लावून, खिडकी बंद.

काळापाषाण
मुंबई बेसाल्टवर उभी आहे. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम फारच कमी. १९८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्राच्या कर्मचाऱ्यामुळे किरणोत्सर्गाचे अलार्म वाजायला लागले. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं, रेडॉन निघाला त्याच्या घरात. पण तिथला खडक वेगळा, थंडीत बंद राहणारी तळघरं वेगळी. आपल्याकडे वारा खेळता असतो. उगाच बाऊ करताय.

तळमजलेकर, गोरेगाव
वारा खेळायचा, तो लाकडी खिडक्या होत्या तेव्हा. आता ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग आणि डासांमुळे संध्याकाळी पाचलाच बंद. शिवाय आमच्या बिल्डिंगखाली भरणी कसली टाकलीय ते बिल्डरलाच ठाऊक. खडकावरून घराचा आकडा सांगता येत नाही, तो मोजावाच लागतो.

ओटेवाली
माझा ओटा ग्रॅनाइटचा आहे. उखडून टाकू का?

काळापाषाण
नको हो. ओट्यातून येतो तो किरकोळ, मुख्य वाट जमिनीतूनच.

दुसरा मजला
जिन्यात सिगरेटी ओढणारे थांबवा, मग बाकीचं बोला. समोर रीडेव्हलपमेंटची धूळ, खाली गटार. पैसे असतील तर टाकीची गळती काढा.

तळमजलेकर, गोरेगाव
सिगरेट ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका कितीतरी पट जास्त, म्हणजे जिन्यातल्या मंडळींसाठीच बोलतोय मी! आणि मोजायला मशिनरी लागत नाही. छोटी डबी असते, आत फिल्म. तीन महिने टांगायची, रेडॉनमधून निघणाऱ्या आल्फा कणांचे ओरखडे फिल्मवर उमटतात आणि लॅब ते मोजते. जागतिक आरोग्य संघटना शक्य तिथे १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति घनमीटरच्या आत ठेवा म्हणते. आकडा खाली आला तर मीच पेढे वाटीन.

काळापाषाण
टांगायचीच तर पावसाळ्यात टांगा, दारं-खिडक्या बंद असताना. मार्चमध्ये टांगून "काही नाही निघालं" म्हणू नका. पण एवढं सांगतो, जास्त निघाला तरी भेगा सिमेंटने भरणं आणि हवा खेळती ठेवणं इथूनच सुरुवात करावी लागेल. ते आजच करा की!

तळमजलेकर, गोरेगाव
भेग या रविवारी भरतो. खिडकीला जाळीही बसवतो. डबी तरीही मागवणार, खर्च माझा.

ओटेवाली
एक जादा मागवा. गेटजवळच्या केबिनला खिडकीच नाही, आणि वॉचमन रोज तिथेच जमिनीवर झोपतो. तिचे पैसे माझ्याकडून घ्या.