वॉरंटी संपल्यावरही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जायचं?

चौथा_गिअर (पुणे)

मत आधीच सांगून टाकतो. वॉरंटी आहे तोवर कंपनीचं सर्व्हिस सेंटर, ती संपली की चांगलं गॅरेज. आणि हे पैसे वाचवण्यासाठी म्हणत नाहीये. गाडी जास्त नीट राहते म्हणून म्हणतोय.

माझी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक. परवा वार्षिक सर्व्हिसला नेली तर गेटवरच हातात टॅब घेतलेला मुलगा सुरू झाला: थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, हेडलाइट पॉलिश, इंजिन ड्रेसिंग. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात यातलं एकही काम नाही. मी विचारलं, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत? बघून सांगतो म्हणाला. बघितलं, तर रेकॉर्डमध्ये ते एकदाही बदललेलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये ते दर दोन वर्षांनी लिहिलंय. म्हणजे छापलेलं काम राहिलं आणि न छापलेल्या कामांचं बिल दर वर्षी निघत राहिलं. (इंजिन ड्रेसिंग म्हणजे बॉनेटखालच्या प्लास्टिकला आणि रबराला चकाकी आणणारा फवारा. त्याने इंजिनाचं काय भलं होतं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.)

त्या मुलाला दोष देत नाही, त्याला बिलाचं टार्गेट असतं. पण ज्याच्या हातात पाना असतो त्याची आणि आपली गाठच पडत नाही. मध्ये काच, सोफा आणि कॉफीचं मशीन. पुढच्या वर्षी टॅबवाला मुलगाही बदललेला असतो. आपली गाडी ओळखणारं तिथे कोणी उरत नाही.

वॉरंटीचा बागुलबुवाही जरा तपासून घ्या. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नाहीत म्हणून. ग्राहकाने बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करायची अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, कंपन्या काही गप्प बसल्या नाहीत. पण ॲडव्हायझरने डोळे वटारले की एवढं लक्षात असू द्या.

बोला.

पावती_जपणारा (नाशिक)

असहमत. 'चांगलं गॅरेज' हे दोन शब्द तुम्ही फार सहज लिहून गेलात. सगळी मेख तिथेच आहे.

आताच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असलं अगदी पातळ ऑइल लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात ड्रम असतो, त्यात जाडसर २०डब्ल्यू-४०. "साहेब, जाड ऑइल इंजिनाला चांगलं" हे वाक्य मी नाशिकमध्ये किमान तीन गॅरेजांत ऐकलंय. कार्बुरेटरच्या जमान्यात कदाचित चाललं असेल. आज व्हॉल्व्हचं टायमिंग मागेपुढे करणारी यंत्रणा त्याच ऑइलच्या दाबावर चालते. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर जाड ऑइल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि झीज त्याच क्षणात होते.

डुप्लिकेट पार्ट हा दुसरा मुद्दा. ऑइल फिल्टर आणि ब्रेक पॅड यांची नक्कल हुबेहूब खोक्यात मिळते. ओळखणार कसं, तुम्ही की तुमचा मेस्त्री? तिसरं, रिकॉल, म्हणजे एखाद्या भागात दोष सापडला की कंपनी गाड्या परत बोलावते ते. चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर कळतं हे मान्य, पण किती जण टाकतात? सर्व्हिस सेंटरला गाडी गेली की कॉम्प्युटरवर ते आपोआप दिसतं आणि काम फुकट होतं. गाडी विकायची वेळ आली की सर्व्हिस हिस्टरीची किंमत कळते ती वेगळीच.

फालतू कामांना 'नको' म्हणा, जॉब कार्डावर खोडायला लावा, मग सही करा. त्यासाठी सेंटर कशाला सोडायचं?

निवांत_प्रवासी (सोलापूर)

दोघंही उगाच डोक्याला ताप करून घेताय. आमच्या घरी मारुती ८०० होती, १९९६ची. वडिलांनी ऑइल, हवा, पाणी याच्यापलीकडे काही पाहिलं नाही. काही बिघडलं की नीट करायचं. गाडी चालतेय ना? मग हात लावू नका. उघडलं की बिघडतं.

माझी आत्ताची गाडी वर्षाला तीनेक हजार किलोमीटर चालते. घर ते ऑफिस, ऑफिस ते भाजी. दहा हजारांला सर्व्हिस लिहिलंय तर मी तीन वर्षांनी करेन. गणित सोपं आहे.

घाटमाथा (चिपळूण)

निवांतराव, गणित सोपं आहे, पण मॅन्युअलमधलं अर्धं वाक्य तुम्ही गाळलंत. '१०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते.'

आणि तुमची भाजीची फेरी हीच इंजिनाला सर्वांत वाईट. दोन-तीन किलोमीटरांत ऑइल नीट तापतच नाही. आत धरलेली वाफ आणि ऑइलमध्ये झिरपलेलं पेट्रोल उडून जायला ते चांगलं तापावं लागतं. हायवेवर रोज पळणारी गाडी दहा हजार आरामात काढते. तुमच्यासारखीच्या ऑइल भरायच्या झाकणाखाली एकदा बोट फिरवून बघा, पावसाळ्यात तिथे पिवळट साय दिसेल.

'बिघडलं की नीट करू' हे वायपरला चालतं. ब्रेकला चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं. डॉट-४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावरची किमान अट १५५ची. गावात, सिग्नलला, पार्किंगला ते जुनं झाल्याचं तुम्हाला कधीच कळणार नाही. पेडल कडक लागतं, सगळं झकास. कुंभार्ली घाट भरल्या गाडीने, थर्ड गिअरऐवजी फिफ्थमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरा. खालच्या वळणांवर ऑइलला उकळी फुटते, पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. हे 'चालतेय ना' म्हणणाऱ्या गाड्यांचंच होतं. आमच्याकडे दर मे महिन्यात पाहुणे येतात, तेव्हा वासावरून कळतं कोण कसा उतरला ते.

धागाकर्त्यांशी सहमत एवढ्यापुरताच, की ब्रेक ऑइल विसरणारं सर्व्हिस सेंटर काही कामाचं नाही. बाकी पास.

मधली_लेन (ठाणे)

माझा अनुभव या दोन्ही बाजूंत बसत नाही. सीएनजीची गाडी आहे, मीच चालवते, मीच सर्व्हिसला नेते. आमच्या भागातल्या गॅरेजात गेले की पहिलं वाक्य, "ताई, साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो." साहेबांना गाडी चालवताच येत नाही! एकदा गाडी चढावर मिसिंग करत होती, म्हणजे इंजिन मध्येच झटके देत होतं. प्लग बघा म्हटलं तर क्लचप्लेटचा खर्च सांगितला. दुसरीकडे दाखवली, प्लगच निघाले.

त्यामुळे मी कंपनीच्या सेंटरलाच जाते. तिथेही लुटतात, पण छापील दराने लुटतात. काय बदललं त्याचा फोटो मोबाइलवर येतो, जुना पार्ट मागितला की पिशवीत घालून देतात, तक्रार करायला वर कोणीतरी असतं. चौथा_गिअर, तुमचं ते 'गाडी ओळखणारा माणूस' प्रकरण आहे ना, तो माणूस आधी समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला तयार हवा.

जाता जाता: सीएनजीवाल्यांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर ३ वर्षांनी करायची असते, तारीख प्लेटवर असते. पंपावर बघतातच असं नाही. तुम्ही बघा.

चौथा_गिअर (पुणे)

मधली_लेन, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. गॅरेजांनी सुधारायला हवं, आणि तोवर तुम्ही करताय तेच बरोबर.

पावती_जपणारा, ऑइलचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी ऑइल आणि फिल्टर स्वतः नाना पेठेतल्या अधिकृत डीलरकडून विकत घेतो, सीलबंद डबा मेस्त्रीच्या हातात देतो आणि समोर उभा राहतो. मजुरी त्याची, माल माझा. सेंटरमध्ये हे करून दाखवा. तिथे तर ऑइल पंपाने येतं, कुठलं आलं ते बिलावरच वाचायचं!

निवांत_प्रवासी, वडिलांच्या ८००चं कौतुक आहे, पण त्या गाडीत बिघडण्यासारखं होतंच किती?

श्टुटगार्टकर (जर्मनी)

इथल्या नजरेतून बघतोय. सर्व्हिस कुठे केली हे इथे सरकार विचारत नाही. स्वतःच्या गॅरेजात केली तरी चालतं. पण गाडी नवी घेतल्यावर ३ वर्षांनी आणि नंतर दर २ वर्षांनी तपासणीला न्यावीच लागते, सगळे तिला टीयूव्ही म्हणूनच ओळखतात. ब्रेक रोलरवर मोजतात, गाडी उचलून खालचा गंज टोचून बघतात, स्टिअरिंगचा खेळ, लाइटचा कोन, टायर. नापास झालात तर दुरुस्त करून परत या. तपासणारा दुरुस्ती विकत नाही, त्यामुळे तो सांगतो त्यावर विश्वास बसतो.

भारतात खासगी गाडी एकदा रजिस्टर झाली की १५ वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मध्ये असते ती पीयूसी, म्हणजे फक्त धूर. टायरच्या नक्षीची किमान खोली दोन्ही देशांत १.६ मिलिमीटरच आहे. मोजणारा इथे आहे, तिथे नाही. तुमचा वाद सेंटर की गॅरेज असा चाललाय, पण दोघांचंही काम बरोबर झालं का ते बघणारा तिसरा माणूसच तुमच्याकडे नाही.

निवांत_प्रवासी (सोलापूर)

वा! म्हणजे दर दोन वर्षांनी आरटीओत रांग आणि बाहेर एजंट. १५ वर्षांनंतरच्या पासिंगची फी २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, तेवढं पुरे झालं नाही का? जर्मनीत ठेवा ते.

श्टुटगार्टकर (जर्मनी)

एजंटची भीती खरी आहे. पण म्हणून ब्रेक न मोजणं हे उत्तर कसं होतं?

कृष्णाकाठ_गॅरेज (मिरज)

मी गॅरेजवाला. बराच वेळ गप वाचत होतो.

ड्रममधलं ऑइल घालणारे आमच्यात आहेत, खोटं कशाला बोलू. पण ते ड्रम का ठेवतात ते पण ऐका. गिऱ्हाईक गाडी आणतं चाळीस लाखांच्या बंगल्यातून आणि पहिलं विचारतं, "स्वस्तातलं काय हाय?" ओरिजिनल पॅडचा दर सांगितला की म्हणतं, लोकल टाका, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी गाडी येते ती डिस्क खाऊन. मग डिस्कचा खर्च माझ्या नावावर.

कूलंटचं तर विचारूच नका. लेव्हल कमी झाली की बोअरचं पाणी ओतायचं. आमच्याकडचं पाणी जड. दोन-तीन उन्हाळ्यांत रेडिएटरच्या नळ्या क्षारानं भरतात, गाडी तापते, तरी एसी लावून पंढरपूरपर्यंत रेटतात. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, वाकलं की मग माझ्याकडं. हजाराच्या आसपासचं कूलंट वाचवलं आणि हेडचं काम काढलं. लेव्हल कमी झाली म्हणजे कुठंतरी गळती हाय, हे कुणी मनावर घेत नाही. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजून घेतलेली माणसं बघितलीत मी.

२०१९च्या ऑगस्टात सांगलीला पूर आला तेव्हाचं सांगतो. पाणी उतरल्यावर लोकांनी गाड्या धुतल्या आणि चालू होतीय का बघायला स्टार्टर मारला. सिलिंडरात पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, जागा नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. बॅटरीची वायर काढून टो करून आणली असती तर प्लग काढून पाणी बाहेर, ऑइल बदली, आणि बऱ्याच गाड्या वाचल्या असत्या. विमेवाले पण म्हणतात, पाण्यात गाडी चालू केली म्हणून इंजिन गेलं, हे साध्या पॉलिसीत बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. ते आमच्या गिऱ्हाइकांत किती जणांनी घेतलं होतं? बोटावर मोजण्याइतक्यांनी.

तवा सेंटर का गॅरेज, ते तुम्ही ठरवा. चार-चार वर्षं बॉनेट न उघडता गाडी दोघांकडं कुठंही न्या, बिल सारखंच येणार.

पावती_जपणारा (नाशिक)

दादा, तुमच्यासारखं गॅरेज गल्लीत असतं तर मीही गेलो असतो. एकच विचारतो. कामाची छापील पावती देता का, पार्ट नंबर आणि किलोमीटरसकट? गाडी विकताना मला तेच लागतं.

कृष्णाकाठ_गॅरेज (मिरज)

देतो की. पुस्तक छापून ठेवलंय. पण पावती म्हटलं की १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो आकडा ऐकला की दहातले नऊ जण म्हणतात, "राहू दे हो, कच्चं बिल चालतंय."

पावती_जपणारा (नाशिक)

मी दहावा.

चौथा_गिअर (पुणे)

आधी मिरजेला या म्हणावं. आणि निवांत_प्रवासी, झाकणाखाली बोट फिरवलंत का? काय निघालं ते लिहा.

निवांत_प्रवासी (सोलापूर)

बॉनेट उघडायची कळ कुठे असते तेवढं आधी सांगा.